संकरित गाईचं शेण पातळ आणि दुधाला फॅट कमी. यीस्ट द्यावं का?

द्या, पण आधी वैरण बघा. मका भरडा जास्त आणि कडबा कमी असेल तर कोठीपोटात (चारा आंबवणाऱ्या मोठ्या पोटात) आम्ल साचतं. शेणात फेस, अख्खे दाणे दिसतात, रवंथ कमी होते. तिथे एकटं यीस्ट पुरत नाही.

जिवंत यीस्ट कोठीपोटातला उरलासुरला ऑक्सिजन संपवतं, त्यामुळे तंतू पचवणारे आणि लॅक्टिक आम्ल खाणारे जिवाणू वाढतात. ते तिथे कायमचं टिकत नाही, म्हणून रोज द्यावं लागतं. खाडा झाला की उपयोग गेला.

मात्रा ग्रॅमवर ठरवू नका, पाकिटावरचा सीएफयू (जिवंत पेशींचा) आकडा वाचा. दिवसाला साधारण 10 ते 20 अब्ज जिवंत पेशी मिळाल्या पाहिजेत. कुठल्या पाकिटात त्या 1 ग्रॅममध्ये असतात, कुठल्यात 10. मूठभर कोरड्या भरड्यात कालवून मग खुराकात मिसळा. शिजवलेल्या गरम आंबोणात टाकलंत तर पेशी मरतात. उन्हात ठेवलेलं उघडं पाकीटही तसंच वाया जातं.

विण्याआधी 3 आठवडे सुरू केलेलं उत्तम. फरक दिसायला 2-3 आठवडे लागतात. गाय खातच नसेल, डावी कूस फुगली असेल तर यीस्टची वाट बघू नका, डॉक्टर बोलवा.