‘मला एका ताईंचा फोन आला’

*वाचकांचे प्रश्न. उत्तरं देतात विधिमंडळात २९ वर्षं मराठी प्रतिवेदक (सभागृहातलं बोलणं शब्दशः टिपून घेणाऱ्या) म्हणून काम करून निवृत्त झालेल्या आमच्या ताई.*

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहते, आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला आमच्या भागातले एक आमदार आले होते. भाषणात म्हणाले, "मला एका ताईंचा फोन आला. जेवण पोचवायला आलेल्या मुलानं घर हेरून ठेवलं, दोन दिवसांनी दागिने गेले. येत्या अधिवेशनात मी विधेयक आणतोय. रात्री नऊनंतर या मुलांना इमारतीत बंदी आणि प्रत्येकाकडे पोलिसांचा दाखला." टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. घरी आल्यावर धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, मग मी काय करायचं?" ते सकाळी कॉलेजला जातात आणि संध्याकाळी सात ते बारा डिलिव्हरी करतात. नंतर कळलं, हीच गोष्ट माझ्या बहिणीनं कांदिवलीत ऐकली होती. तिथे चोरी ठाण्याला झाली होती आणि दागिन्यांऐवजी लॅपटॉप गेला होता. एवढ्यावर कायदा होऊ शकतो का? आणि मी काय करू?

उत्तर : होऊ शकतो. झालेलेही आहेत.

सभागृहात अध्यक्षांच्या आसनाखाली आम्हा प्रतिवेदकांचं टेबल असतं. काही मिनिटं लिहायचं, पुढची बाई येऊन बसली की उठायचं, शाखेत जाऊन लिपी उलगडायची आणि पुन्हा पाळीला हजर व्हायचं. लघुलेखनात सारखे येणारे शब्द एका खुणेत बसवतात. ‘अध्यक्ष महोदय’ला खूण होती, ‘सन्माननीय सदस्य’ला होती, तशीच ‘अशी माझी माहिती आहे’ यालाही होती. पेन्सिल न उचलता एका ओढीत ती निघायची. खूण वारंवार लागते तेव्हाच बनते. २९ वर्षांत ती मी किती वेळा काढली, याचा हिशोब नाही. पण त्या ओढीनंतर समोरच्या बाकावरून "कुठून मिळाली माहिती?" असा प्रश्न आला, असं फार थोड्या वेळा लिहावं लागलं.

आमदार खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. त्यांच्या कार्यालयाबाहेर सकाळी रांग लागते. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या सासरची मारहाण, कुणाचा थकलेला पगार. माणसं आकडे घेऊन येत नाहीत, गाऱ्हाणं घेऊन येतात, आणि ते सभागृहापर्यंत नेणं हे आमदाराचं कामच आहे. लक्षवेधी सूचना असते ती त्यासाठीच. माझी तक्रार त्याच्या पुढच्या टप्प्याबद्दल आहे. एका बाईचं गाऱ्हाणं सरळ बारा कोटी लोकांवरच्या कलमात उतरतं, आणि मधे कुणी विचारत नाही की असं किती जणींच्या बाबतीत झालं, कुठे झालं, कुणी मोजलं.

विधानभवनापासून हायकोर्ट चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तिथे साक्षीदार "मला शेजारणीनं सांगितलं" म्हणाला की वकील उठून उभा राहतो. जे स्वतः पाहिलं, स्वतः ऐकलं तेवढंच सांगायचं, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ६० मध्ये होता आणि आताच्या नव्या कायद्यातही आहे. एका माणसाला एक वर्ष तुरुंगात टाकायला ऐकीव गोष्ट चालत नाही. सभागृहात मात्र संविधानाच्या अनुच्छेद १९४ नं सदस्यांच्या बोलण्याला संरक्षण दिलंय. ते हवंच, नाहीतर बलाढ्य माणसाविरुद्ध तिथे कुणी तोंड उघडणार नाही. पण कोर्ट विचारू शकत नाही, म्हणून सभागृहानं स्वतःलाही विचारू नये, हे मला कधीच पटलं नाही.

मुंबईतलंच उदाहरण घ्या, डान्स बारचं. २००५ च्या मार्चमध्ये अधिवेशनात विषय निघाला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली. आबांबद्दल मला आदर आहे. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानासारखं काम त्यांनी उभं केलं, त्यांच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. पोरं बिघडतात, संसार मोडतात, मुलींचं शोषण होतं, अशी कारणं दिली गेली. यातलं प्रत्येक कुठे ना कुठे घडतच होतं. जुलैमध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक एकमतानं मंजूर केलं, १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३अ आणि ३३ब घातलं गेलं आणि १५ ऑगस्टपासून बार बंद झाले. तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना सूट होती. म्हणजे तोच नाच पनवेलच्या बारमध्ये समाज बिघडवणारा आणि मोठ्या हॉटेलात चालणारा. हायकोर्टानं १२ एप्रिल २००६ ला बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं १६ जुलै २०१३ ला तो निकाल कायम केला. बंदी गरजेची होती हे राज्याला सिद्ध करता आलं नाही आणि असलेले नियम नीट वापरता आले असते, असं त्यात म्हटलंय. रोगापेक्षा इलाज भयंकर, याच अर्थाचं वाक्य त्या निकालपत्रात आहे.

यावर २०१४ च्या जूनमध्ये काय झालं? सूट काढून टाकणारी दुरुस्ती आली आणि चर्चेविना मंजूर झाली. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये तिला स्थगिती दिली. २०१६ मध्ये तिसरा कायदा आला. त्यात शाळा आणि देवळांपासून एक किलोमीटर अंतराची अट होती. मुंबईत कुठल्याही देवळापासून, मशिदीपासून, शाळेपासून एक किलोमीटर दूर अशी जागा नकाशावर शोधून बघा. १७ जानेवारी २०१९ ला ती अटही गेली. चौदा वर्षं हे चाललं.

मोजणं अशक्य होतं का? २००५ मध्येच एसएनडीटी विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रानं आणि नारी अत्याचार विरोधी मंचानं ५० बारमधल्या ५०० बायकांशी बोलून अहवाल तयार केला होता. सरकारजवळ त्याच्या शंभरपट माणसं आहेत. आणि दुसऱ्या बाजूलाही मी तोच प्रश्न विचारते. ‘७५,००० बायका बेकार होणार’ हा आकडा त्या दिवसांत सगळीकडे छापून यायचा. तो कुणी, कसा मोजला, हेही विचारायला हवं होतं.

तेव्हा आम्ही मीरा रोडला राहत होतो. आमच्या मजल्यावर एक बाई होती, बारमध्ये कामाला. मुलगा आणि मुलगी इंग्रजी शाळेत. रोज संध्याकाळी पाचला ती केसांना तेलाचा हात लावून जिन्यात उभी राहून मुलीची वेणी घालायची आणि मग रिक्षा पकडायची. त्या ऑगस्टनंतर दोनेक महिन्यांनी दारावर घरमालकाचं कुलूप होतं. जिन्यात मुलीची लाल रिबन पडलेली, ती किती तरी दिवस मी उचलली नाही. तुम्ही म्हणाल, ताई, हीसुद्धा एक गोष्टच झाली. हो, गोष्टच आहे. तिच्यावरून बार चालू ठेवा असा कायदा कुणी केला असता, तर त्यालाही मी विचारलं असतं, की अशा किती जणी आणि बाकीच्यांचं काय?

आपल्याच राज्यात हे नीट झालेलं आहे. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. हाताला काम मिळालं पाहिजे हा त्यांचा ध्यास. पण आधी कायदा आला नाही. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली आणि मग १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. बारा वर्षं. त्याच कायद्याच्या वाटेनं २००५ मध्ये देशाचा कायदा आला.

आता तुमच्या आमदारांबद्दल. मंत्री नसलेल्या सदस्याला अशासकीय विधेयक मांडता येतं. अशी विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, तेव्हा भाऊजींना आज घाबरायचं कारण नाही. पण चांगली टाळी पडलेली गोष्ट उद्या सरकारी विधेयकात येऊ शकते, म्हणून आत्ताच विचारा. तोंडी नको, पत्र लिहा आणि पोच घ्या. चोरी कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत झाली, कुठल्या महिन्यात, गुन्हा नोंदवला का, डिलिव्हरी करणाऱ्यावर आरोपपत्र दाखल झालं का, एवढंच विचारा. त्या बाईंचं नाव मागू नका, ते त्यांनी देऊही नये. दागिने गेले असतील तर एफआयआर असायला हवा आणि संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे.

दुसरं, माहितीच्या अधिकारात पोलिसांकडे अर्ज करा. दहा रुपये शुल्क, महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांत बसवायचा, तीस दिवसांत उत्तर. तुमच्या परिमंडळात गेल्या वर्षी घरफोडीचे किती गुन्हे नोंदले गेले आणि त्यातल्या किती प्रकरणांत आरोपी घरपोच सेवा देणारा होता, असं विचारा. कदाचित उत्तर येईल, ‘अशी वेगळी नोंद ठेवली जात नाही.’ ते पत्र जपून ठेवा. पोलिसांकडेच नोंद नसेल तर विधेयक कशावर उभं आहे, हा प्रश्न तुमच्या हातात कागदासकट येतो.

आणि विधेयक खरंच मांडलं गेलं, तर राजपत्राच्या भाग पाचमध्ये किंवा विधिमंडळाच्या संकेतस्थळावर ते मिळवा आणि शेवटून वाचायला घ्या. कलमांच्या मागे ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. मी निवृत्तीनंतरही आधी तेच पान उघडते. ‘शासनाच्या निदर्शनास आले आहे की’ असं वाक्य दिसलं की पुढे तारीख, संख्या, अहवाल यातलं काही आहे का ते बघा. नसेल तर त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि विधेयक संयुक्त समितीकडे पाठवावं अशी मागणी सोसायटीच्या लेटरहेडवर करा. विरोधी बाकावरच्या आमदारांनाही तेच पत्र द्या.

चोरीची भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. गेटवर नोंदवही आहे का, कॅमेरा चालतो का, रात्रीचा वॉचमन जागा असतो का, हे तुमच्या सर्वसाधारण सभेत ठरवता येतं. त्याला विधानसभा लागत नाही. त्या सभेला भाऊजींनाही बोलवा. गेटवर रोज काय होतं, हे ऐकीव न सांगणारा त्या खोलीत तो एकटाच असेल.

प्रश्न : तुमचा मागचा लेख वाचून राग आला, म्हणून लिहिते. तुम्ही प्रत्येक गोष्टीला पुरावा मागता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. माझ्या पुतणीला रात्री लोकलच्या लेडीज डब्यात एका माणसानं धरलं. तक्रार करायला गेली तर "हद्द आमची नाही" म्हणून परत पाठवलं. एका मुलीवर अन्याय पुरेसा नाही का कायदा करायला? *– परळ*

उत्तर : तुमच्या रागाचं मला वाईट वाटलं नाही. एक मुलगी पुरेशी असते, आणि तसं महाराष्ट्रात घडलंय. २६ मार्च १९७२ ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला झाला. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आरोपींना सोडलं. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार. आरडाओरड केली नाही म्हणजे संमती होती, हे निकालातलं तर्कट त्यांनी उघडं पाडलं. मुंबईत बायका रस्त्यावर आल्या. वर सांगितलेला नारी अत्याचार विरोधी मंच त्याच आंदोलनातून जन्मला. विधी आयोगाचा ८४ वा अहवाल १९८० मध्ये आला, विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईनं ‘माझी संमती नव्हती’ असं कोर्टात सांगितलं की कोर्टानं तेच गृहीत धरायचं, ही तरतूद तेव्हा आली. मुलगी एकच होती. पण तिचं काय झालं, ते पानापानानं तपासलं गेलं होतं.

तुमच्या पुतणीसाठी नवा कायदा मागायच्या आधी असलेला वापरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यावी लागते. तिला आज रात्रीच बसवून लिहायला सांगा. तारीख, गाडी कुठून कुठे, डबा, स्टेशन, किती वाजता ठाण्यात गेली, टेबलामागे कोण होतं, काय शब्दांत परत पाठवलं. आठवतं तसं, तिच्याच शब्दांत. ठाण्यात पुन्हा नकार मिळाला, तर तोच कागद पोस्टानं पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांकडे पाठवता येतो, ही सोयही त्याच कलमात आहे. एक प्रत मला पाठवा, नाव खोडून. मी ती लोहमार्ग (रेल्वे) पोलिसांच्या वरिष्ठांना आणि तुमच्या आमदारांना कशी द्यायची ते कळवते.