आर्तुर युसुपोव खेळाडू म्हणून मोठे की प्रशिक्षक म्हणून?

मूळचे रशियन बुद्धिबळ ग्रँडमास्टर आर्तुर युसुपोव खेळाडू म्हणून अधिक मोठे की मुलांचे प्रशिक्षक म्हणून, असे तुम्ही विचारले आहे. माझा कौल प्रशिक्षकाला आहे. मात्र त्यांची खेळाडू म्हणून झालेली जडणघडण वगळली, तर त्यांचे शिकवणे नीट कळत नाही.

1960 साली मॉस्कोत जन्मलेले युसुपोव तेथील पायोनियर पॅलेसमध्ये, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी छंदकेंद्रात शिकले आणि पुढे प्रशिक्षक मार्क द्वोरेत्स्की यांच्या हाताखाली घडले. द्वोरेत्स्की स्वतः कधी ग्रँडमास्टर झाले नाहीत. पण त्यांचे तीन शिष्य कनिष्ठ गटाचे विश्वविजेते ठरले, 1975 मध्ये वालेरी चेखोव, 1977 मध्ये युसुपोव आणि 1978 मध्ये सर्गेई दोल्मातोव. 1980 मध्ये युसुपोव ग्रँडमास्टर झाले. विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या सामन्यांत 1986 मध्ये सोकोलोव, 1989 मध्ये कार्पोव आणि 1992 मध्ये टिमन यांनी त्यांची वाट अडवली. त्यांतला रिगा येथील 1986 चा पराभव सर्वांत बोचरा, कारण 6-4 अशी आघाडी असताना ते सलग तीन डाव हरले. याउलट 1991 मध्ये ब्रसेल्सला इव्हानचुकविरुद्धचा सामना बरोबरीत सुटल्यावर जलद डावात त्यांनी काळ्या मोहऱ्यांनी खेळताना एकामागून एक मोहऱ्यांचा बळी देत प्रतिस्पर्ध्याच्या राजाला घेरले. एरवी पेट्रॉफ बचावासारखे भक्कम डाव मांडणाऱ्या माणसाने हे करावे, याचे मला आजही नवल वाटते.

1990 मध्ये मॉस्कोतील घरात शिरलेल्या चोरांनी त्यांच्यावर गोळी झाडली. त्यातून बचावल्यावर ते जर्मनीत स्थायिक झाले. 2000 च्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये जर्मनीला रौप्यपदक मिळाले, तेव्हा ते त्या संघात होते.

त्याआधी, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी आणि द्वोरेत्स्कींनी मिळून निवडक मुलांसाठी एक शाळा चालवली. पुढे ग्रँडमास्टर झालेले पीटर स्विडलर, वादिम झ्व्यागिन्सेव आणि सर्गेई मोव्सेसियान तेथे शिकले. दरवर्षी काही दिवसांची मोजकी सत्रे भरत आणि प्रत्येक सत्राला एकच विषय असे: एकदा डावाच्या सुरुवातीची तयारी, एकदा डावाच्या शेवटाचे तंत्र, एकदा हल्ला आणि बचाव. विद्यार्थ्याने स्वतःचे डाव, विशेषतः हरलेले, तपासून आपली खोड स्वतः शोधायची, यावर तेथे फार भर होता. चाली पाठ करून घेण्याकडे कल असलेल्या वर्गांपेक्षा ही रीत अवघड आहे, पण तिचे फळ टिकते असे मला वाटते.

पुढे युसुपोव यांनी नऊ पुस्तकांची अभ्यासमाला लिहिली, जिला फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, पुस्तकांसाठीचे बोलेस्लाव्स्की पदक मिळाले. प्रत्येक पुस्तकात 24 पाठ आणि प्रत्येक पाठाअखेर 12 कोडी असतात. त्यांना गुण ठरलेले असून किमान गुण न मिळाल्यास पाठ पुन्हा करायचा असतो. मी चाळिशीत पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली आणि सोपी म्हणून हसण्यावारी नेलेल्या कोड्यांनीच मला दोनदा मागे पाठवले. वेगळ्या पटावर मोहरी मांडून, हात न लावता उत्तर पूर्ण लिहून काढल्यावरच मला ते पाठ पार करता आले.