शाळा सुटली, की सोडवली?

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

कथा-कादंबऱ्यांतले आई-बाप आणि त्यांची मुलं या विषयावरच्या तुझ्या लघुप्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचून झालं. बावीस पानं आहेत आणि ‘संस्कार’ हा शब्द एकतीस वेळा आलाय. आईनं संस्कार केले म्हणून मुलगा घडला, बापानं दुर्लक्ष केलं म्हणून बिघडला. असलं वाक्य पुस्तक न उघडताही लिहिता येतं, हीच त्यातली अडचण. पुढच्या खर्ड्यात तो शब्द एकदाही वापरू नकोस. जिथे जिथे तो लिहावासा वाटेल तिथे थांब आणि विचार: या घरात नेमका कोणता निर्णय झाला, आणि तो कोणी घेतला?

दुसरा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण आपली भाषाच लपवालपवीला मदत करते. ‘शाळा सुटली’, ‘लग्न ठरलं’, ‘शेत गेलं’. कोणी सोडवली, कोणी ठरवलं, कागदावर अंगठा कोणाचा? सुटणे–सोडवणे, ठरणे–ठरवणे, आपोआप मोडणं–कोणी तरी मोडणं, अशा जोड्यांतलं पहिलं रूप घरातल्या मोठ्या माणसांना फार सोयीचं पडतं. कादंबरी वाचताना अशी बिनकर्त्याची वाक्यं पेन्सिलीनं अधोरेखित करत जा. बहुतेक वेळा आई-बापाचा निर्णय तिथेच दडलेला असतो, आणि लेखक चांगला असेल तर त्यानं तो मुद्दाम दडवलेला असतो.

तुला कन्नड येतं, तेव्हा हे तुला लवकर दिसेल. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुलगी वाहतात, त्याला मराठीत ‘देवाला सोडली’ म्हणतात. हा कर्मणी प्रयोग आहे, क्रियापदाचा मेळ मुलीशी बसतो आणि सोडणारा वाक्यात नसला तरी चालतं. कन्नडमध्ये ‘देवरिगे बिट्टरु’ म्हटलं की ‘बिट्टरु’च्या शेवटालाच ‘त्यांनी’ चिकटलेलं असतं. प्रथा तीच, पण एका भाषेत सोडणारे दिसतात आणि दुसरीत विरून जातात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं दोन्ही भाषांत वाढतात आणि परीक्षेत मात्र पुण्याच्या गाइडमधलं उतरवतात. तू तसं करू नकोस.

याच अंगानं राजन गवस यांची ‘चौंडकं’ ही कादंबरी वाच. पोरीच्या केसांत जट येते (इथेही ‘येते’च) आणि ते देवीचं बोलावणं ठरतं. केस दिवसेंदिवस विंचरले-धुतले नाहीत की गुंतून त्यांची जट होते, आणि एकदा दिसली की भीतीपोटी कोणी कापत नाही, म्हणून ती वाढत जाते. न कापणं हासुद्धा निर्णयच आहे. कर्नाटकाच्या 1982 च्या देवदासी समर्पण प्रतिबंधक कायद्यानं हा मुद्दा कुठल्याही समीक्षकापेक्षा स्वच्छ मांडला होता. त्यात समर्पण करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती, पण तो आई-बाप, पालक किंवा नातेवाईक असेल तर निदान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. म्हणजे त्या कायद्यानं पालकाचा हात जड धरला. कादंबरी मात्र त्या हातामागची भीती, गरिबी आणि गावचा धाक दाखवते. या दोन्हींतली फट हेच तुझं एक अख्खं प्रकरण होईल. एक विनंती: ‘प्रत्यक्ष अनुभव’ म्हणून यात्रेत जाऊन कोणा जोगतिणीला (यल्लम्माला वाहिलेल्या बाईला) प्रश्न विचारत बसू नकोस. तुझा विषय पुस्तकाचा आहे, तिचं आयुष्य नव्हे.

आता वहीबद्दल. दोनशे पानी आखीव वही घे आणि समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून पाच रकाने पाड: निर्णय काय, कोणी आणि केव्हा घेतला, त्या घडीला दुसरी वाट होती का, किंमत कोणी मोजली, आणि मुलाला ते कधी कळलं. तीनशे पानांच्या कादंबरीतून बारा ते पंधरा नोंदी निघायला हव्यात. चाळीस निघाल्या तर तू निर्णय नाही, घटना टिपतेयस. चारच निघाल्या तर फक्त मोठमोठे प्रसंग धरलेस आणि घरातलं रोजचं राहिलं. तिसरा रकाना सगळ्यात आधी रिकामा राहतो. आजच्या डोळ्यांनी बघून ‘आईनं नकार द्यायला हवा होता’ असं लिहून मोकळं होणं सोपं. नकार दिला असता तर ती रात्री कुठे झोपली असती, हे त्या कादंबरीतल्या पुराव्यावरून लिहायचं. पुरावा नसेल तर रकाना रिकामा ठेव, पण कल्पनेनं भरू नकोस.

पाचवा रकाना विद्यार्थी विसरतात आणि खरी गंमत त्यातच असते. आई-बापाचा निर्णय मुलापर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. मुलानं त्याचा जो अर्थ लावला तो पोचतो. म्हणून सांगणारा कोण आणि सांगताना किती वर्षांचा, हे पहिल्या पानावर लिहून ठेव. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात बेचाळीस रात्री आहेत आणि सांगणारा श्याम मोठा झालेला आहे, आई गेलेली आहे. आईचा मार, आईचा हट्ट, सगळं त्या अंतरावरून येतं आणि मऊ होऊन येतं. हा पुस्तकाचा दोष नाही, ती त्याची घडण आहे. पण ‘श्यामला मार खाऊन हे पटलं’ असं तू लिहिलंयस, ते चूक. पोहायला ढकललेल्या पोराला त्या क्षणी काय पटलं आणि मोठ्या श्यामला नंतर काय पटलं, या दोन नोंदी वेगळ्या कर.

याच पुस्तकाबद्दल आणखी एक. सगळे आईवर लिहितात. वडिलांचं कर्ज मात्र पुस्तकभर पायाखालून वाहत असतं आणि घर लिलावात निघेपर्यंत येतं, तिकडे कोणी वळत नाही. कर्जाचे उल्लेख ज्या रात्रींत येतात त्यांची वेगळी यादी कर. मग बघ, आईच्या शिकवणीतला केवढा भाग टंचाईतून उगवलाय. आणि संदर्भ देताना पानाऐवजी रात्रीचा क्रमांक दे. आवृत्त्या उदंड आहेत, तुझं पान परीक्षकाच्या प्रतीत सापडायचं नाही. नाटकाला अंक आणि प्रवेश, महाभारताला पर्व आणि अध्याय.

याच्या उलट टोकाला प्रकाश नारायण संतांचा लंपन. ‘वनवास’ या कथासंग्रहातला हा पोरगा आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. सांगणारा तोच, त्यामुळे कारणं त्याला ठाऊक नाहीत. आई आली की काय होतं आणि ती जायला निघाली की पोटात काय होतं, एवढंच ठाऊक. बाकी त्याला आवाज, वास, वाटा आणि माणसांच्या लकबी बारकाव्यानिशी माहीत. तुझ्या चौथ्या प्रकरणासाठी यासारखं दुसरं पुस्तक नाही, आणि त्यातली कानडी हेल असलेली मराठी तर तुझ्या गल्लीतलीच. सापळा एकच: लेखक कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव, म्हणून लंपनची आई म्हणजे इंदिराबाई, असं समीकरण मांडायचा मोह होईल. मांडू नकोस. कवितेला आणि कथेला आपापल्या जागी राहू दे.

‘ययाती’वर जास्त वेळ दे, कारण तिथे तुझ्या हातात दोन भाषा आहेत. आदिपर्वातली मूळ गोष्ट तुला माहीत आहे: शुक्राचार्यांच्या शापानं अकाली म्हातारपण आलेला बाप पाच मुलांकडे तारुण्य मागतो, चौघं नाही म्हणतात, धाकटा पुरू देतो. वि. स. खांडेकरांची कादंबरी 1959 ची, गिरीश कर्नाडांचं कन्नड नाटक 1961 चं. खांडेकरांकडे कथा तिघं सांगतात, ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. ज्यानं किंमत मोजली त्या पुरूला निवेदनच नाही! हे तुझ्या खर्ड्यात कुठेच आलेलं नाही, आणि यायला हवं. कर्नाडांनी उलट केलं. मूळ कथेत नसलेली पुरूची बायको, चित्रलेखा, त्यांनी आणली. नवऱ्यानं बापासाठी तारुण्य दिलं म्हणजे तिच्याही वाटचं दिलं, तिला कोणी विचारलं नाही, आणि ती जीव देते. चौथ्या रकान्यात पुरूचं नाव लिहून थांबली असतीस तर ही बाई तुला दिसलीच नसती. किंमत मोजणाऱ्यांची यादी नेहमी एका नावानं लांबव.

खांडेकरांच्या कादंबरीत शापाचाही धागा आहे: नहुषाची मुलं कधीच सुखी होणार नाहीत. अपराध बापाचा, शाप मुलांच्या माथी. सोपा निष्कर्ष असा की बापाच्या पापानं मुलगा बुडाला. पण नहुषाला दोन मुलगे आहेत. थोरला यती घर सोडून वैराग्याकडे पळतो, धाकटा ययाती उपभोगाकडे. शाप एकच, वाटा दोन. याला भावंडांची कसोटी म्हण आणि प्रत्येक पुस्तकाला लाव. त्याच आई-बापाचं दुसरं मूल कसं निघालं? वेगळं निघालं असेल तर ‘आई-बापामुळे’ हे उत्तर अर्धंच आहे, उरलेलं अर्धं शोधायला मुलाचे स्वतःचे निर्णय वहीत उतरवावे लागतील. ययाती त्या शापाचा आडोसा कुठे कुठे घेतो, हेही टिप. मुलांनी आई-बापाकडे बोट दाखवून स्वतःची सुटका करून घेणं, हा विषय मराठीत फारसा कोणी हाताळलेला नाही.

भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ ही कादंबरी तू मूळ कन्नडमध्ये वाच, मग उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद शेजारी ठेव. त्या मूळच्या बेळगावच्याच. कात्यायनी ही तरुण विधवा पुनर्विवाह करते, मुलगा सासरे श्रीनिवास श्रोत्रींकडे राहतो. पुढे तिचे गर्भ टिकत नाहीत. इथे वाचक हमखास घसरतो: मूल टाकलं, म्हणून शिक्षा झाली. गर्भपात होणं ही कथेतली घटना. ती शिक्षेसारखी वाटावी अशी मांडणी हा लेखकाचा निर्णय. दोन्ही वेगळ्या शाईनं लिही. आणि ज्या वंशासाठी श्रोत्री नातवाला धरून ठेवतात, त्या वंशात आपण स्वतः रक्तानं नाही हे त्यांना शेवटी कळतं, तेव्हा पहिल्या निर्णयाचं काय उरलं, यावर चार पानं सहज होतील.

‘नटसम्राट’ प्रबंधात घेऊ नकोस असं सुचवतो. 1970 पासून त्यावर इतकं बोललं गेलंय की तुझ्या हाती उसनीच वाक्यं लागतील. घ्यायचंच असेल तर बेलवलकरांनी हयातीतच सगळं मुलांना वाटून टाकलं, त्या निर्णयावर सुनेच्या बाजूनं दीडशे शब्द लिहून बघ. ते प्रामाणिक जमलं तर ठेव.

म्हणजे पुस्तकं चारच झाली: ‘श्यामची आई’, ‘वनवास’, ‘वंशवृक्ष’, ‘चौंडकं’; शिवाय दोन ‘ययाती’ मिळून एक तुलना. तुझ्या यादीतली चौदा ठेवलीस तर प्रत्येकाचं कथानक सांगण्यातच पानं संपतील. पुस्तकं विकत घ्यायची घाई नको, आधी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात बघ. 1848 पासूनची संस्था आहे, जुन्या आवृत्त्या तिथे हाताळायला मिळतील. रोज वीस पानं वाचन आणि लगेच नोंदी. नोंदी दुसऱ्या दिवशीवर टाकल्यास तर तिसरा रकाना आठवणीतून भरला जातो आणि तिथेच तुझं मत घुसतं. अवतरण चाळीस शब्दांच्या वर नको.

आणि प्रस्तावना शेवटी लिही. आत्ताच्या प्रस्तावनेत तुझं एक वाक्य आहे: ‘माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं.’ सीमाभागात हे ‘झालं’ असं होत नसतं. घराजवळ कन्नड शाळा होती, इंग्रजी शाळेची गाडी दारात येत होती, नोकरीचं काय हा प्रश्न तेव्हाही होता. पहिलीचा अर्ज कोणी आणला, सही कोणाची, घरात कोणाचा विरोध होता, हे आईला आणि बाबांना वेगवेगळं बसवून विचार. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तरी दोन्ही उतरवून घे. वहीच्या पहिल्या पाच नोंदी आणि हे एक पान, दोन्ही मिळून पुढच्या रविवारपर्यंत पाठव.