जावात थ्रेड (प्रोग्राममध्ये स्वतंत्रपणे चालणारं काम) थोडा वेळ थांबवताना एवढं बघ
अरे, थ्रेड.स्लीप(२) लिहिलंस म्हणजे दोन सेकंद नाही, तो आकडा मिलिसेकंदांचा असतो, २००० दे, नाहीतर सरळ टाइमयुनिट.सेकंड्स.स्लीप(२) लिही, वाचणाऱ्यालाही लगेच कळतं. आणि टी१ नावाच्या दुसऱ्या थ्रेडसाठी टी१.स्लीप() केलंस तरी टी१ झोपत नाही हं, मेथड स्टॅटिक आहे, म्हणजे कुठल्या एका थ्रेडची नाही, अख्ख्या थ्रेड क्लासची आहे, जो थ्रेड ती ओळ चालवतोय तोच झोपतो. झोपलेल्या थ्रेडला कुणी थांबायला सांगितलं की इंटरप्टेडएक्सेप्शन येतं, त्याचा कॅच ब्लॉक (ते हाताळणारा कोड) मात्र रिकामा सोडू नकोस प्लीज, एक्सेप्शन आलं की इंटरप्टचा फ्लॅग (थांबायला सांगितल्याची खूण) पुसला जातो आणि थ्रेडला थांब म्हणून सांगितलेलं पुढच्या कोडला कळतच नाही, म्हणून फ्लॅग परत लावायला तिथे थ्रेड.करंटथ्रेड().इंटरप्ट() टाकायचं. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये (जिथे लॉक घेऊन एका वेळी एकच थ्रेड शिरतो) तर शक्यतो झोपवूच नको, लॉक हातात धरूनच झोपतो तो, बाकीचे बसतात ताटकळत. दुसऱ्या थ्रेडचं काम संपायची वाट बघायचीय? मग जॉइन वापर, स्लीप लावून अंदाज बांधू नकोस.