ग्रेड निराळी, स्टेज निराळी

प्रश्न : आम्ही लालबागला राहतो. माझ्या आईच्या (वय ५८) उजव्या कानाखाली दोन वर्षांपासून सुपारीएवढी गाठ होती. ती दुखत नसल्यामुळे दाढेची सूज असेल असे समजून आम्ही दुर्लक्ष केले. गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. रिपोर्टमध्ये ‘म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा, इंटरमीजिएट ग्रेड, पीटी २’ असे लिहिले आहे. हा दुसऱ्या स्टेजचा कॅन्सर आहे, असे नातेवाईक म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर आईचा उजवा डोळा नीट मिटत नाही आणि चहा ओठाच्या कोपऱ्यातून ओघळतो. रोग नसांत पसरला आहे का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा हा लाळग्रंथीचा कॅन्सर आहे. आपल्या नातेवाइकांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. स्टेज म्हणजे रोग किती पसरला, आणि ग्रेड म्हणजे त्याच्या पेशींचा स्वभाव किती आक्रमक. ‘पीटी २’ हा स्टेजचा केवळ एक भाग आहे. काढलेली गाठ २ सेंटिमीटरपेक्षा मोठी, पण ४ सेंटिमीटरच्या आत होती आणि लाळग्रंथीबाहेर गेलेली नव्हती, एवढेच तो सांगतो. मानेतील लसिकागाठींत किंवा फुफ्फुसांत रोग आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय स्टेज पूर्ण होत नाही.

ग्रेड सूक्ष्मदर्शकाखाली ठरते. या प्रकारच्या कॅन्सरसाठी प्रचलित असलेल्या एका पद्धतीत गाठीतील द्रवाच्या पोकळ्यांचे प्रमाण, पेशीविभाजनाचा वेग, मृत पेशींचे पुंजके, नसेतील (मज्जातंतूतील) शिरकाव आणि पेशींच्या रूपातील बिघाड या पाच बाबींना गुण दिले जातात. एकूण ४ पर्यंत गुण असतील तर लो, ५ किंवा ६ असतील तर इंटरमीजिएट आणि ७ पासून पुढे हाय ग्रेड मानतात. मात्र पद्धती एकापेक्षा अधिक आहेत, आणि तीच गाठ एका पद्धतीने लो तर दुसऱ्या पद्धतीने इंटरमीजिएट ठरू शकते. मधली ग्रेड हीच सर्वांत वादाची, असे माझे मत आहे. शिवाय ग्रेडचा अर्थ कॅन्सरच्या प्रकारानुसार बदलतो. ॲडिनॉइड सिस्टिक नावाचा लाळग्रंथीचा कॅन्सर संथपणे वाढतो, पण नसेच्या कडेकडेने सरकत जातो आणि कधीकधी दहा वर्षांनंतरही फुफ्फुसांत उगवतो.

आता चेहऱ्याच्या नसेविषयी. कानापुढच्या पॅरोटिड या लाळग्रंथीतूनच ही नस शाखांमध्ये विभागून पापणी, गाल आणि ओठांकडे जाते, त्यामुळे गाठ काढताना तिला सोडवून बाजूला करावे लागते. शस्त्रक्रियेआधी आईंचा चेहरा सरळ होता का, हे आठवून पाहा. आधीच तोंड वाकडे झाले असते, तर ते नसेत रोग शिरल्याचे गंभीर लक्षण ठरले असते. शस्त्रक्रियेनंतर आलेला अशक्तपणा मात्र बहुतेकदा नस हाताळली गेल्यामुळे येतो, आणि नस अखंड राखली असेल तर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरतो. नस राखली का, हे शल्यचिकित्सकांना थेट विचारा. तोवर दिवसा डोळ्यात वंगणाचे थेंब घालावेत आणि रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने मिटवावी, नाहीतर बुबुळाला जखम होते.

गाठ दुखत नव्हती म्हणून आपण थांबलात, यात नवल नाही. पॅरोटिडच्या दहा गाठींपैकी साधारण आठ साध्या असतात. पण कॅन्सरच्या अनेक गाठीही दुखत नाहीत, म्हणून न दुखणे हा दिलासा धरता येत नाही. गाठ एकाएकी वाढणे, कातडीला चिकटणे, चेहरा लुळा पडणे किंवा मानेत दुसरी गाठ येणे ही लक्षणे मात्र धोक्याचीच समजावीत. जबड्याखालच्या ग्रंथीतील गाठीकडे तर अधिकच संशयाने पाहावे लागते. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातील गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता जास्त.

रेडिएशन द्यावे का, हा आपला पुढचा प्रश्न असणार. हाय ग्रेड, कडेपर्यंत पोहोचलेला रोग, नसेतील शिरकाव किंवा मानेतील गाठी असतील तर ते सहसा देतात. इंटरमीजिएट ग्रेडमध्ये निर्णय याच बारकाव्यांवर अवलंबून असतो, म्हणून रिपोर्टमधील ‘मार्जिन’ (काढलेल्या भागाची कड) आणि ‘पेरिन्युरल इन्व्हेजन’ (नसेतील शिरकाव) या दोन ओळी आधी वाचा. दुसरे मत घेण्यासाठी परळच्या टाटा रुग्णालयात किंवा अन्यत्र जाणार असाल, तर केवळ कागद नेऊ नका. पहिल्या प्रयोगशाळेतून काचेच्या स्लाइड आणि गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या, म्हणजे तिथले पॅथॉलॉजिस्ट ग्रेड स्वतः तपासतील. आणि ते ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.