परड्यात दहा-बारा जवारी (गावठी) कोंबड्या पाळायच्या आहेत. अंड्यांवर खर्च निघेल का? घरचे म्हणतात जवारीला लस लागत नाही.

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवून लिहायला बसले.

अंड्यांचं आधी सांगून टाकते. जवारी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग 21 दिवस अंड्यांवर, पुढं दोन-अडीच महिने पिल्लांमागं. वर्षाकाठी धरा 50-60 अंडी. म्हणजे दहा कोंबड्यांत रोजची सरासरी दीड. घरच्यांपुरतं होईल, विकायचं विसरा. पैसा कोंबड्यात आहे. आखाडात आणि गावच्या जत्रेला सांगाल तो भाव मिळतो. गिरिराजा ही सुधारित जात दुपटीहून जास्त अंडी देते, पण उबवायला बसत नाही आणि घार आली तरी वजनापायी पळत नाही. माझ्याकडं चार होत्या, चारही मुंगसानं नेल्या.

आता लस.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. नऊ वर्षांपूर्वी चैत्रात खालच्या आळीत मर सुरू झाली. माझ्याकडं तेव्हा 23 पक्षी. ही मर म्हणजे मानमोडी, राणीखेत रोग. मी नवऱ्याच्या मागं लागून बेळगावहून तिची लस आणवली. थर्मासात बर्फ, बर्फात अंगठ्याएवढी बाटली, बाटलीच्या बुडाशी खडूच्या चुऱ्यासारखी चिमूटभर पावडर. एवढ्याशा बाटलीत 100 कोंबड्यांची लस! ती पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवायची, उरलेली ओतून टाकायची. मी पहाटे डालग्याखालून एकेक कोंबडी काढत होते आणि थोरले भावजी कट्ट्यावर बसून शेजाऱ्यांना ऐकवत होते, "कोंबडीस्नी सुई? हितं माणसास्नी डॉक्टर गावंना झालाय!"

तिसऱ्या दिवशी खुराड्याचं दार उघडलं तर एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, दारातच उभी. मान अशी मुरगळलेली की चोच आभाळाकडं. दाणे टाकले तर ती दाण्यावर चोच मारायला जायची आणि स्वतःभोवतीच गिरकी घ्यायची. खाली हिरवट-पांढरी शीट. आठ दिवसांत 17 गेल्या.

"मारलीस न्हवं गे सगळ्या," भावजी म्हणाले. एकदा नाही. बारशाला, लग्नाला, पंगतीत ताट वाढताना, कुठंही कोंबडीचा विषय निघाला की हीच गोष्ट. "आमच्या धाकट्याच्या बायकोनं सुई मारून 17 कोंबड्या मारल्या." त्यांच्या स्वतःच्या तेव्हा किती मेल्या ते गोष्टीत येत नाही. अकरा मेल्या. सुई न मारता.

झालं होतं ते असं. मर अंगात शिरली तरी पाच-सहा दिवस कोंबडी खाते, उकरते, काहीच दिसत नाही. लस अंगात मुरायला आठवडाभर तरी लागतो. खालच्या आळीत मर लागल्यावर मी लस आणली, तेव्हाच माझ्या निम्म्या कोंबड्या आतून गेलेल्या होत्या. घर पेटल्यावर विहीर खणायला घेतली मी. दोष लसीचा नाही, माझ्या उशिराचा. हे जनावरांच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं आणि मी भावजींना निदान वीस वेळा सांगितलं.

म्हणून आता मी माघातच लस करून घेते. पिल्लं पाच-सात दिवसांची झाली की लासोटा या मानमोडीच्याच लसीचा एक थेंब डोळ्यात. दोन महिन्यांपुढं आर-टू-बी ही मानमोडीची दुसरी लस, अर्धा मिली कातडीखाली. लहान पिल्लांना ही दुसरी चुकूनही देऊ नका. आणि दहा कोंबड्यांसाठी 100ची बाटली आणायची म्हणजे आळी गोळा करावी लागते. हेच खरं अवघड काम. माझ्या त्या 17 कोंबड्यांमुळं पहिली दोन वर्षं कोणी दारात उभं केलं नाही.

तीन वर्षांपूर्वी मर परत आली. माझ्या 31 पैकी दोन गेल्या. भावजींच्या खुराड्यात एक कोंबडा उरला, तोही दिवसभर आमच्याच परड्यात. यावर त्यांचं म्हणणं, "तुमचं परडं आडोशाला हाय, वारं लागत न्हाई." दोन्ही परड्यांच्या मधे एक भिंत आहे, आणि तीही कमरेएवढी.

पावसाळ्याआधी त्यांनीच निरोप धाडला, एक खुडूक आणि बारा अंडी वाट्यानं दे म्हणून. दिली. निम्मी पिल्लं माझी, निम्मी त्यांची. आता लसीच्या दिवशी पहाटे ते डेअरीला दूध घालायला गेले की थोरली जाऊ डालगं डोक्यावर घेऊन भिंतीशी येते. परत येईपर्यंत सगळ्या टोचून खुराड्यात. त्यांच्या हिशेबी जवारीला लस लागत नाही, बघा की, एकही मेली नाही.

तर तुमच्या घरी जे कोण म्हणतंय ना, त्यांच्याशी वाद घालू नका. ते दूध घालायला कधी जातात तेवढं बघा.

दोन गोष्टी राहिल्या. लस टोचल्यावर कोंबड्या दोन-तीन दिवस मलूल होतात, अंडी कमी होतात, आणि आधीच खंगलेली असेल तर एखादी मरतेही. हे भावजींसमोर मी कधी कबूल करणार नाही, पण तुम्ही आजारी पक्षी टोचू नका. आठवडाभर आधी जंताचं औषध द्या.

दुसरं, मेलेली कोंबडी खड्डा काढून चुना घालून पुरा. त्या वर्षी पहिल्या तीन-चार मी ओढ्यात फेकल्या होत्या. ओढा खालच्या आळीकडं जातो. मर आधी तिकडूनच आली होती हे खरं, पण माझ्यानंतर तिकडं आणखी किती घरांची खुराडी रिकामी झाली ते मी कधी विचारायला गेले नाही.

भावजी मोबाईलवर भजनं सोडून काही बघत नाहीत म्हणून एवढं लिहिलं. त्यांची नात बघते, पण मागच्या वेळी डालग्याची दुसरी बाजू तिनंच धरली होती.