वाचकांचे प्रश्न : फ्रेंच पोशाखाचा अभ्यास खानदेशात बसून करावा का?

प्रश्न : मी अमळनेर येथे इतिहास विषयात एम. ए. करीत आहे. लघुप्रबंधासाठी मी ‘फ्रेंच फॅशन आणि समाज’ हा विषय निवडला. माझे वडील जिनिंगमध्ये काट्यावर काम करतात. ते म्हणतात, “आपण कापसाच्या मुलखातली माणसं, कापसाचा भाव शिकावा, पॅरिसचे कपडे शिकून काय मिळणार?” मार्गदर्शक सरांनाही विषय हलका वाटतो. मला फ्रेंच भाषा येत नाही. विषय बदलावा का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : विषय बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र तो इतका पसरट ठेवूही नये. एखादे कापड घ्यावे आणि ते कोणी विणले, कोणी विकले, कोणी अंगावर घातले आणि कोणाला ते घालण्याची मनाई होती, एवढ्याच प्रश्नांचा पाठपुरावा करावा. असे कापड तुमच्या वडिलांनीच सुचविले आहे, कारण फ्रेंच पोशाखाच्या इतिहासातील एक अत्यंत महत्त्वाचे प्रकरण कापसाचेच आहे.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळात, सतराव्या शतकात, त्याचा मंत्री कोल्बेर याने रेशीम, लेस आणि लोकरीचे कापड यांच्या उत्पादनाला राज्याचा भक्कम आधार दिला आणि ल्यों शहरातील रेशमाची भरभराट झाली. त्याच सुमारास हिंदुस्थानातून जाणारे छापील व रंगविलेले सुती कापड तेथील लोकांना इतके आवडू लागले, की रेशीम व लोकरीच्या कारागिरांनी तक्रारी केल्या आणि १६८६ मध्ये अशा कापडाची आयात व छपाई यांवर बंदी आली. ती १७५९ पर्यंत, म्हणजे त्र्याहत्तर वर्षे टिकली. या काळात चोरटा व्यापार चालला, दंड झाले, कापड जप्त झाले. तरीही स्त्रियांनी ते वापरणे सोडले नाही. बंदी उठल्यानंतर लगेच, १७६० मध्ये, व्हर्सायजवळच्या झुई गावी ओबरकाम्फ याने छपाईचा कारखाना काढला आणि तेथील कापडाचे नाव पुढे युरोपभर झाले. एका राज्याने आपल्या प्रजेच्या अंगावरील सुती कापडाशी इतकी वर्षे झुंज द्यावी, या गोष्टीला हलकी कोण म्हणेल?

यात खानदेशाचा संबंध कोठे, असे सर विचारतील. मोगल काळात खानदेश सुभ्याचे मुख्य ठाणे असलेले बऱ्हाणपूर (आज ते मध्य प्रदेशात आहे) कापडासाठी प्रसिद्ध होते. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्नियर तेथे गेला होता. तेथील तलम आणि फुलांच्या नक्षीचे कापड इराण, तुर्कस्थान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. मात्र बऱ्हाणपूरचेच कापड फ्रान्समध्ये वापरले गेले, असे विधान पुराव्याशिवाय करू नका.

त्यानंतरचा टप्पा मला सर्वांत अधिक मोलाचा वाटतो. १७८३ मध्ये एलिझाबेथ व्हिजे ल ब्रं या चित्रकर्तीने फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे पांढऱ्या मलमलीच्या साध्या झग्यातील चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले. राणीला आतल्या वस्त्रांत दाखविले, असा गहजब झाला. ते चित्र काढून त्याऐवजी राणीचे रेशमी पोशाखातील चित्र लावावे लागले. परदेशी मलमल नेसून राणी ल्योंच्या विणकरांच्या पोटावर पाय देते, हाही आक्षेप त्यात होता. रेशीम नेसावे तर उधळपट्टीचा ठपका आणि सूत नेसावे तर देशद्रोहाचा, अशी तिची कोंडी १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीच्या सहा वर्षे आधीच झाली होती. क्रांतीनंतर १७९३ मध्ये कोणीही कोणावर विशिष्ट पोशाखाची सक्ती करू नये, असा हुकूम निघाला. पण तो ‘आपापल्या लिंगाला साजेशा’ पोशाखापुरताच होता. १८०० मध्ये तर पॅरिसच्या पोलिसांनी स्त्रियांना परवानगीशिवाय पुरुषी पोशाख करण्यास मनाई केली आणि तो आदेश निष्प्रभ ठरल्याचे सरकारने जाहीर केले ते थेट २०१३ मध्ये.

वर्थ, शानेल, दिऑर या पॅरिसच्या प्रसिद्ध पोशाखकारांची नावे तुम्हाला कोठेही सापडतील, त्यांवर पाने खर्च करू नका. त्यांच्यामागचे हात पाहा. ल्योंचे विणकर १८३१ मध्ये मजुरीच्या दरासाठी उठले. १९१७ च्या मे महिन्यात, ऐन पहिल्या महायुद्धात, पॅरिसच्या शिवणकाम करणाऱ्या मुलींनी संप करून शनिवारच्या दुपारची सुटी मिळविली. प्रताप मिल या कापड गिरणीच्या गावात, अमळनेरात, वाढलेल्या विद्यार्थ्याला मजुरीचा हा प्रश्न परका वाटणार नाही.

पद्धतीविषयी एक सूचना. रोलां बार्थ या फ्रेंच विचारवंताने १९६७ च्या आपल्या ग्रंथात कपड्यांपेक्षा मासिकांत कपड्यांविषयी काय लिहिले जाते, याचा अभ्यास केला. आपल्या घरी ‘लुगडे’, ‘पातळ’ आणि ‘गोल साडी’ हे शब्द कोण कोणासाठी वापरते, आणि सुनेने गोल साडी नेसावी की नाही यावरून किती घरांत वाद झाले, हे आजीला विचारले तर ही पद्धत चटकन समजेल.

भाषेची अडचण खरी आहे, ती लपवू नका. फ्रेंच शिकविणाऱ्या आलिआन्स फ्रान्सेज या संस्थेचे वर्ग ऑनलाइनही असतात. दोन पातळ्या पूर्ण झाल्या की शब्दकोशाच्या मदतीने चित्राखालच्या ओळी वाचता येतील. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ या संकेतस्थळावर अठराव्या शतकातील पोशाखांची छापील चित्रे विनामूल्य पाहता येतात; रोज एक चित्र घेऊन त्यातील कापड, रंग आणि पोशाख करणाऱ्याचा दर्जा यांची नोंदवही ठेवा. कालमर्यादा १६८६ ते १७८९ एवढीच ठेवून सरांपुढे हे शीर्षक मांडा : ‘फ्रान्समधील सुती कापडाची बंदी आणि पोशाखातील सामाजिक दर्जा’. वडिलांनाही ते वाचून दाखवा. कापसाच्या भावावरून राज्ये कशी अस्वस्थ होतात, हे काट्यावर उभ्या असलेल्या माणसाला सविस्तर सांगावे लागणार नाही.